वहीचा फोटो नीट यावा म्हणून कॅमेरा शिकले

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातल्या सीनियर कॉलेजात तुम्ही तासिका तत्त्वावर मराठी शिकवता, त्यातही मुख्यतः लेखनाचे पेपर, म्हणजे निबंध, अहवाल, बातमी, माहितीपत्रक. मागच्या दिवाळीत जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घेतलात आणि तेव्हापासून दर रविवारी तो गळ्यात अडकवून बाहेर पडता. विभागातले लोक म्हणतात, छंद ठीक आहे, पण त्यापेक्षा शिक्षकांसाठीचा एखादा रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा कोर्स, करा, दोन शोधनिबंध छापून आणा. शिवाय ऑनलाइन लेखनवर्ग सुरू करायचं तुमच्या मनात आहे. तेव्हा फोटोग्राफीला शिक्षकाची व्यावसायिक प्रगती म्हणता येईल का, लेखन ऑनलाइन शिकवता येतं का, आणि जाताजाता, ५० एमएमची सेकंडहँड लेन्स घ्यावी का, असे तीन प्रश्न.

मी वाईच्या बाजूला अशाच एका कॉलेजात बरीच वर्षं लेखन शिकवते आहे. कॅमेरा हातात आला तो पन्नाशीच्या आसपास, ऑनलाइन शिकवणं आलं ते सगळ्यांसारखं, २०२० च्या मार्चमध्ये, इलाज नव्हता म्हणून. तुमच्या प्रश्नात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या बाबतीत त्या एकाच सुमारास, एकमेकींत गुंतून सुरू झाल्या. ते पुढे सांगते.

आधी कागदोपत्री भाग उरकून टाकू, कारण सहकारी बोलतात ते त्याबद्दल, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ वर, म्हणजे पहिल्या बढतीवर, जायचं तर २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स लागतो. त्याच्या जोडीला रिफ्रेशर, किंवा आठवडाभराचे दोन एफडीपी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम, शिक्षकांची प्रशिक्षणं), किंवा प्रमाणपत्रासह एखादा 'मूक' (MOOC), म्हणजे सगळ्यांना खुला ऑनलाइन कोर्स, किंवा चार क्वाड्रंटमध्ये तयार केलेलं ई-साहित्य, यांपैकी काहीतरी. या यादीत फोटोग्राफी नाही. रविवारी सकाळी घाटावर काढलेल्या फोटोंना कोणतीही समिती गुण देणार नाही. पण शेवटचा पर्याय पुन्हा वाचा. चार क्वाड्रंट म्हणजे व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चेची जागा आणि मूल्यमापन. 'फोटो आणि मजकूर' या विषयावर तुम्ही असा संच नीट तयार केलात, तर तोच उद्योग यादीत बसतो. नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे तुमच्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक बघूनच काय ते ठरवा.

मात्र हे सगळं कायम शिक्षकांसाठी. तासिका तत्त्वावर असलेल्याला बढतीच नाही, तर बढतीचे गुण काय चाटायचे? उद्या कायम जागेच्या मुलाखतीत ते कामाला येतील, हे खरं. पण तोवर पैसे तासाचे, आणि सुट्टीत तेही नाहीत. म्हणून 'फोटोग्राफी मोजली जाईल का' हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. तुम्ही लिहिलंय की रविवारी फोटो काढून आल्यावर सोमवारच्या वर्गात शिकवायला मजा येते, पण का येते ते सांगता येत नाही. मला वाटतं खरा प्रश्न तो आहे. फोटो काढताना तुमच्यात असं काय होतं, जे वर्गात उपयोगी पडतंय?

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते.

लॉकडाऊनमध्ये आमची निम्मी मुलं डोंगरातल्या वाड्यांवर होती. लाइव्ह वर्गात पंधरा-वीस जण यायचे, तेही टेकाडावर चढून, रेंज मिळेल तिथून. लेखन शिकवायचं तर लिहून घ्यायलाच हवं. मी सांगितलं, वहीत लिहा, पानाचा फोटो काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. पहिल्याच आठवड्यात शंभराच्या वर फोटो आले आणि माझं डोकं फिरलं. काळपट, तिरके, पानावर मोबाइलची सावली, कुठे अंगठा, कुठे दिव्याचा पिवळा गोळा. मी ग्रुपवर एक रागाचा व्हॉइस मेसेज टाकला: अक्षर सुधारा, फोटो नीट काढा, निष्काळजीपणा चालणार नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ आहे. मालक जुने, लग्नामुंजींचे फोटो काढणारे, तेव्हा अर्थातच रिकामे बसलेले. भाजी आणायला गेले असताना त्यांना मोबाइलवरचे ते फोटो दाखवून मी तक्रार केली. त्यांनी दोन-चार बघितले आणि म्हणाले, "मॅडम, पोरांची चूक नाही. कागद पांढरा आहे ना, म्हणून काळा येतो."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर मुकाट्याने धरून चालतं की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे. काळी म्हैस दाखवा, ते तिला उजळ करून करडी करतं. पांढरं धोतर दाखवा, ते त्याला काळवंडवून करडं करतं. वहीच्या पानाने फ्रेम भरली की मोबाइल म्हणतो, फारच उजेड दिसतोय, कमी करतो. उपाय दोन सेकंदांचा: स्क्रीनवर पानावर बोट टेकवायचं आणि बाजूला येणारी उजेडाची पट्टी वर सरकवायची. वही खिडकीजवळ ठेवायची, उजेड बाजूने घ्यायचा, डोक्यावरचा दिवा बंद, मोबाइल पानाला समांतर. संपलं.

मी घरी येऊन तीन मिनिटांचा ऑडिओ केला. आधी त्या रागाच्या मेसेजबद्दल माफी मागितली आणि मग हे सगळं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात आलेली पानं वाचता येत होती. 'अक्षर सुधारा' म्हणून मी ज्यांना झापलं त्यातल्या कितींचा दोष खरंच अक्षराचा होता, हा विचार मात्र डोक्यातून जाईना. त्याच महिन्यात मी त्या काकांना म्हटलं, मला शिकवा. ती माझी पहिली 'फॅकल्टी डेव्हलपमेंट'. फी चहाची.

मीटरची ही गोष्ट मी आजही लेखनाच्या पहिल्या तासाला सांगते. आपल्या मुलांच्या डोक्यात शाळेपासून असंच एक मीटर बसवलेलं असतं. समोर काहीही येऊ दे, ते मधल्या करड्याकडे ओढतं. आजी गेली तरी 'अतिशय दुःख झाले', सहलीला गेलो तरी 'अतिशय आनंद झाला', कासच्या पठारावर उभं राहिलं तरी 'निसर्गाची मुक्तहस्ते उधळण'. काळं काळं राहत नाही, पांढरं पांढरं राहत नाही. 'तपशील द्या' असं मी वीस वर्षं फळ्यावर लिहिलं, त्याने काही झालं नाही. म्हैस करडी झालेला फोटो दाखवला की मुलं हसतात आणि त्यांना कळतं.

आता दुसरी घटना, जी माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. विषय होता 'टाळेबंदीतला अनुभव'. एका मुलीचं पान आलं. सुरुवात: 'संपूर्ण जगावर कोरोनारूपी संकट कोसळले आहे.' पुढची दोन पानं तशीच, वर्तमानपत्रातली. पण फोटो काढताना तिने वही शिलाई मशिनवर ठेवली होती आणि पानाच्या कडेला, मशिनच्या पायाखाली, अर्धवट शिवलेला एक मास्क दिसत होता. जुन्या साडीचा, गुलाबी फुलांचा. मी फोन केला. ती आणि तिची आई दिवसाला चाळीस-पन्नास मास्क शिवत होत्या, घर त्यावर चाललं होतं, सुईचं बोट सुजलं होतं. मी विचारलं, मग हे का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "ते कशाला लिहायचं मॅम? ते तर घरचं आहे."

ते तर घरचं आहे. मी तिला ना फोटोग्राफीतलं काही सांगितलं ना लेखनातलं. एवढंच म्हटलं की फोटोत कडेला जे आलंय त्यावर दहा ओळी लिही. त्या दहा ओळी त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या सगळ्या लेखनात सगळ्यात चांगल्या होत्या. तेव्हापासून मी मुलांच्या मजकुरातही कडेला बघायला लागले. मध्यभागी मुलं मला आवडेल असं वाटलेलं ठेवतात. त्यांचं स्वतःचं असतं ते चुकून कडेला येतं, एखाद्या उपवाक्यात, कंसात, शेवटच्या घाईच्या ओळीत.

यात एक काटाही आहे, तो लपवत नाही. तो कोपरा तिने मला दाखवला नव्हता, तो मला दिसला होता. वहीच्या फोटोतून आपल्याला मुलांची घरं दिसतात: पत्रा, गोठा, एकाच खोलीत मांडलेला सगळा संसार. पुढे मी ग्रुपवर सांगून टाकलं की पानाच्या बाहेरचं कापून पाठवा, ठेवायचं असेल तर ठेवा, पण तुमच्या मर्जीने. काहींनी कापलं, काहींनी मुद्दाम ठेवलं. लाइव्ह वर्गात मुलांनी कॅमेरा चालू ठेवण्याचा आग्रहही त्याच दिवशी सोडला.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. फोटो काढल्याने शिकवणं सुधारतं ते कॅमेऱ्यामुळे नाही, असं माझं अनुभवाअंती मत आहे. आपण वर्षानुवर्षं ज्या गोष्टीत तरबेज असतो तिथे नवख्याला काय अडतं ते आपल्याला दिसेनासं होतं. मला वाक्य कसं लिहायचं ते सुचतं, पण ते कसं सुचतं ते सांगता येत नाही. कॅमेऱ्यापुढे मी पुन्हा एफवायची मुलगी झाले. माझे पहिले सहा महिन्यांचे फोटो बघून स्टुडिओवाले काका म्हणाले, "एवढं काय भरलंय मॅडम? वऱ्हाडाचा ग्रुपफोटो आहे का?" घाट, देऊळ, नदी, नाव, बगळा, सगळं एका फ्रेममध्ये. आणि सगळे फोटो उभं राहून, डोळ्यांच्या उंचीवरून, वस्तू बरोब्बर मधोमध. मला एकदम मुलांचे निबंध आठवले. तेही सगळं भरतात, तेही उभ्या उभ्याच लिहितात. आणि 'पाल्हाळ नको' असा शेरा वाचून त्यांना काय वाटत असेल ते पहिल्यांदा कळलं, कारण 'एवढं भरू नका' म्हटल्यावर काय काढायचं ते मलाही समजत नव्हतं. काकांनी शेरा मारला नाही. ते माझ्याबरोबर घाटावर आले आणि म्हणाले, चार पावलं पुढे जा, आता बसा, आता काय दिसत नाही ते सांगा. तेव्हापासून मुलांच्या वहीत शेरा लिहिण्याऐवजी मी पुढचं पाऊल लिहिते: 'तिसरा परिच्छेद झाकून वाच. काय गेलं?'

म्हणून तुम्ही कॅमेराच धरावा असं नाही. एखादा तबला शिकला असता तरी चाललं असतं. फक्त फोटोला एक सोय आहे: चूक लगेच दिसते, आणि ती विद्यार्थ्याच्या खिशातल्या यंत्रानेही करता येते.

वर्गात मी फोटो वापरते ते तीन प्रकारे. एक प्रकार सोपा: घरातल्या एकाच वस्तूचे ३६ फोटो काढायचे, कारण जुन्या रोलमध्ये तेवढेच यायचे. मग एकच ठेवायचा आणि उरलेले ३५ का टाकले ते एका पानात लिहायचं. मुलांना वाक्य खोडायचा जीव होत नाही, फोटो मात्र पटापट डिलीट करता येतात. त्या हाताची सवय मग वाक्यावर वळवता येते. दुसरा प्रकार फोटोओळीचा. वर्तमानपत्राच्या भाषेत फोटोखालच्या मजकुराला फोटोओळ म्हणतात. नियम असा की फोटोत दिसतंय ते ओळीत लिहायचं नाही. 'नदीत पोहणारी मुले' बाद. कोण, कुठली, कधी, आणि फोटोत न मावलेली एक गोष्ट, पंचवीस शब्दांत. यातून बातमीचा पेपर आपोआप तयार होतो. ओळीखाली छायाचित्रकाराचं नाव घालायचंच, हा माझा हट्ट आहे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात, ही गोष्ट मुलींच्या वर्गात सांगितली की नाव विसरायची कोणाची छाती होत नाही.

पण माझा जीव आहे तो तिसऱ्या प्रकारावर, आणि तो सापडला तोही अपयशातून. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी तीन आठवडे अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा त्याचं तंत्र, शिकवत बसले. एफचा आकडा लहान तसं भोक मोठं आणि मागचं धूसर, मग मुद्दा ठळक आणि पार्श्वभूमी पुसट, वगैरे छान छान उपमा दिल्या. मुलांचे फोटो सुधारले. लेखन होतं तिथेच. उपमा वर्गात टाळ्या घेतात आणि घरी जाताना एसटीतच राहतात. शिवाय त्या उपमेत एक खोट होती, ती मला उशिरा दिसली. मी सारखं सांगत होते की लेखन फोटोसारखं आहे. लेखन फोटोसारखं नाही, हे शिकवायला फोटो फार उपयोगी आहे.

फोटोला 'नाही' म्हणता येत नाही. 'होतं' म्हणता येत नाही. 'म्हणून' आणि 'तरी' म्हणता येत नाही. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि सगळे त्याचे फोटो काढतात. सुंदर असतात. पण त्या फोटोत कुठेही दिसत नाही की इथे गाव होतं, ते धरणात गेलं. ते सांगायला वाक्यच लागतं. म्हणून माझा गृहपाठ असा: एका रिकाम्या जागेचा फोटो काढा आणि तिथे काय नाही ते लिहा. भिंतीतला रिकामा खिळा. बंद पडलेल्या गिरणीचं दार. वाड्याच्या ओसरीवर, झोपाळा काढून नेल्यावर उरलेल्या कड्या. एका मुलाने एसटी स्टँडवरच्या बाकाचा फोटो आणला आणि खाली लिहिलं की मुंबईला जाताना दादा इथे बसला होता, तो येतो, पण या बाकावर पुन्हा बसला नाही, आता तो स्वतःच्या गाडीने येतो. माझ्या तीन आठवड्यांच्या अ‍ॅपर्चरने जे झालं नाही ते या एका गृहपाठाने झालं. फोटोत काय येत नाही हे कळल्यावर शब्द कशासाठी आहेत ते मुलांना कळतं.

माणसांचे फोटो मात्र जपून. आठवडे बाजारात जाऊन म्हाताऱ्या भाजीवालीच्या सुरकुत्या टिपून आणायची हौस सगळ्या नवख्यांना असते, मलाही होती. आमच्याकडे नियम आहे: आधी बोलायचं, नाव विचारायचं, मग 'काढू का' विचारायचं, नाही म्हटलं तर रामराम करून पुढे. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो मुलांना आवर्जून दाखवा. दोन मिनिटांत टिपून पळणाऱ्याला तसा फोटो मिळत नाही, हे न सांगता कळतं. आणि गूगलवरून उचललेला फोटो चालणार नाही, हेही पहिल्याच तासाला सांगा. तो कोणाचा तरी असतो, भारतात फोटोवर छायाचित्रकाराच्या हयातभर आणि त्याच्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. उलट मुलांनी स्वतः काढलेले गावातल्या देवळाचे, बारवेचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे कोणालाही वापरता येणाऱ्या फोटोंच्या ऑनलाइन साठ्यावर, चढवायला लावा आणि त्यांचं मराठी वर्णन लिहायला लावा. वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. नोंद किती तोलून लिहावी लागते ते आमच्या मुलांना तिथे नेऊन दाखवता येतं. तुमच्याकडे तसं काही नसेल तर कॉमन्सवरची चार ओळींची वर्णनं हीच तुमची नोंदलेखनाची शाळा.

इथवर जे सांगितलं त्यातून कॉलेजात करता येईल असं एक काम निघतं. नव्या शैक्षणिक धोरणात एसईसी (स्किल एनहान्समेंट कोर्स) म्हणून कौशल्याचे छोटे पेपर आले आहेत. 'छायाचित्र आणि मजकूर' असा दोन क्रेडिटचा पेपर अभ्यासमंडळापुढे ठेवता येईल, प्रात्यक्षिकाचा केलात तर साठ तास मिळतात. तासिकेवाल्याला साठ तास म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. मात्र प्रस्ताव विभागप्रमुखांच्या नावे जाईल, तेव्हा तुमचं नाव आराखड्यावर कुठे येतं ते आधीच बोलून घ्या.

आता ऑनलाइन वर्ग. माझी पहिली चूक सगळ्यांनी केली तीच: चाळीस मिनिटांची व्याख्यानं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकली. पहिली पाच मिनिटं बघून मुलं निघून जायची. नंतर मी ते सगळं बंद केलं आणि आठवड्याचं असं बसवलं: सोमवारी आठ मिनिटांचा ऑडिओ, बुधवारी एक फोटो आणि पाच वाक्यं मुलांकडून, शुक्रवारी चाळीस मिनिटं लाइव्ह, कारण झूमवर फुकटात तेवढीच मिळतात. लाइव्हमध्ये मी शिकवत नाही. एकाच विद्यार्थ्याचा मजकूर, त्याच्या परवानगीने, सगळे मिळून वाचतो. मुदत रात्री दहाची, कारण अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो वडिलांबरोबर संध्याकाळी घरी येतो. आणि पहिला खर्डा बोलून टाइप करायला परवानगी. त्यात शुद्धलेखनाचं वाटोळं होतं हे मान्य, पण मुलं 'करण्यात आले' सोडून 'केलं' म्हणायला लागतात. तेवढ्यासाठी मी ऱ्हस्व-दीर्घाचं पाप पोटात घातलं.

अभिप्राय हाच लेखनवर्गाचा जीव, आणि तिथेच ऑनलाइन वर्ग बुडतात. हिशेब आधी करा. साठ जण, प्रत्येकी चारशे शब्द, म्हणजे आठवड्याला चोवीस हजार शब्द. एका कागदाला सहा मिनिटं दिलीत तर सहा तास. मी लेखी शेरे सोडून दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज द्यायला लागले: एक गोष्ट जमली ती कुठे, एक गोष्ट पुढे काय कर. दोनच. आवाजात राग आणि कौतुक दोन्ही कळतं, त्यामुळे मुलं तो ऐकतात. लाल शेरा वाचतात की नाही याची मला अजूनही खात्री नाही.

तुम्ही बाहेरच्या लोकांसाठी, फी घेऊन वर्ग काढणार असाल तर आधी नेमणूकपत्रातल्या अटी बघा. मग बारा जणांवर जाऊ नका. बारा जणांचे कागद नीट, पंधरा मिनिटं देऊन वाचायचे तर आठवड्याचे तीन तास जातात, ते तुमच्या वेळापत्रकात कुठे आहेत ते आधी शोधा. प्रौढ विद्यार्थी वेगळे असतात. त्यांना गुण नको असतात, कोणीतरी मन लावून वाचणारं हवं असतं. परदेशातले मराठी लोक येतील, ते आठवणी लिहायला येतात. आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसात म्हणजे न्यू जर्सीत शनिवारी रात्रीचे नऊ, त्यांच्या उन्हाळ्यात दहा. ती वेळ दोघांनाही जमते. पैसे खर्च करायचेच तर आधी कॉलर माइक घ्या. चित्र वाईट असलं तर लोक सहन करतात, आवाज वाईट असला की निघून जातात. रेकॉर्डिंग गोधड्या ठेवतो त्या खोलीत करा, आवाज घुमत नाही.

राहिली लेन्स. ५० एमएम एफ १.८ स्वस्त आणि चांगली असते, पण तुमच्या डीएसएलआरचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, बहुधा लहान, म्हणून ती ७५-८० एमएमसारखी वागेल, फ्रेममध्ये कमी मावेल. घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला लागेल आणि समोरचा माणूस अर्धाच येईल. तुम्हाला घरं आणि बाजार टिपायचा असेल तर ३५ एमएमची जास्त कामाची. त्याआधी एक महिना फुकटचा प्रयोग करा: कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सचं कडं ३५ वर आणून चिकटपट्टीने बांधून ठेवा आणि पायांनी पुढे-मागे व्हा. महिन्याने सारखं जवळ जावंसं वाटलं तर ५० घ्या. घेताना लेन्सच्या एका टोकातून मोबाइलची टॉर्च मारून दुसरीकडून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी परत द्या. आणि आपल्याकडच्या पावसात ती कपाटात नुसती ठेवू नका, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. मी पहिल्या वर्षी ठेवली नव्हती.